१०० ऑक्टेन मुंबईत, गाडी रत्नागिरीत: मॉडिफाय केलेल्या इंजिनात नेमकं कोणतं पेट्रोल टाकायचं?

"साधं टाकू की पॉवर?"

पंपावर गाडी लावली की हा प्रश्न येतोच. बहुतेक जण सवयीने उत्तर देतात, क्यूआर कोड स्कॅन करतात आणि निघतात. पण ज्याने गाडीचा ईसीयू रिमॅप करून घेतलाय, मोठा इंटरकूलर आणि वेगळा एक्झॉस्ट बसवलाय, त्याच्यासाठी हा प्रश्न थेट पिस्टनच्या आयुष्याचा असतो.

रत्नागिरी आणि पेट्रोल हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला नाणार आणि बारसू आठवतं. रिफायनरी हवी की नको, हा वाद कोकणात अनेक वर्षं गाजला. पण पेट्रोलचा एक वेगळा, अगदी टाकीच्या झाकणाएवढा प्रश्नही रत्नागिरीत आलेल्या गाडीवाल्यांसमोर उभा असतो. गणपती, शिमगा, मे महिन्याची सुट्टी, असं काहीही असलं की मुंबई-पुण्याच्या गाड्या कोकणात उतरतात. त्यात आता पोलो, व्हर्टस, स्लाव्हिया, ऑक्टाव्हिया, आय २० एन लाइन अशा टर्बो पेट्रोल गाड्याही असतात आणि त्यातल्या काही 'स्टेज १' किंवा 'स्टेज २' केलेल्या असतात. इंजिनाचं ट्यूनिंग झालेलं असतं मुंबईत किंवा पुण्यात, तिथे मिळणाऱ्या पेट्रोलवर. मग रत्नागिरीत टाकी रिकामी झाली की काय टाकायचं?

त्यात गेल्या काही वर्षांत देशभरातलं साधं पेट्रोलच बदललं. ते आता ई २० झालंय, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल आहे. त्यामुळे जुने हिशोबही बदललेत.

उत्तर आधीच सांगायचं तर, इंजिनाचा मॅप ज्या पेट्रोलसाठी बनवलाय त्याच दर्जाचं पेट्रोल टाकायचं. आणि मॅप बनवताना असं पेट्रोल धरायचं, जे तुम्ही जिथे जिथे गाडी नेता तिथे खात्रीने मिळतं. असं का, ते आता नीट समजून घेऊ.

ऑक्टेन म्हणजे नक्की काय?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ऑक्टेन हा आकडा पेट्रोलमधली ऊर्जा मोजत नाही. दाब आणि उष्णता वाढल्यावर पेट्रोल आपोआप पेट घेण्याला किती विरोध करतं, ते हा आकडा सांगतो.

सायकलमध्ये हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम होतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की ती तापते. इंजिनात हेच होतं. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण येतं, पिस्टन ते दाबतो, ते तापतं आणि ठरलेल्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी देतो. ठिणगीपासून ज्योत पसरत जाते आणि वाढलेला दाब पिस्टनला खाली ढकलतो.

गडबड कधी होते? ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने स्वतःहून पेटलं तर. मग सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा एकमेकींवर आपटतात आणि इंजिनातून धातूवर खडे मारल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. थोडं नॉकिंग अधूनमधून झालं तर इंजिन सहन करतं. मोठ्या लोडवर ते सतत होत राहिलं तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट जातं, बेअरिंगवर मार बसतो.

हा त्रास गाडीइतकाच जुना आहे. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून त्यावर उपाय काढला. १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर यांनी मोजपट्टी आणली. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण, हेप्टेनला शून्य. एखादं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं आहे याचा अर्थ असा, की प्रयोगशाळेतल्या ठरावीक इंजिनात ते ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच नॉकिंग रोखतं. शिसं मात्र माणसासाठी विष ठरलं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं.

मॉडिफाय केलेल्या इंजिनाला जास्त ऑक्टेन का लागतं?

कंपनीतून आलेली गाडी पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलचा विचार करूनच बनवलेली असते. मारुतीच्या १.२ लिटर ड्युअलजेट इंजिनाचं कॉम्प्रेशन १२:१ इतकं जास्त आहे, तरीही ते साध्या पेट्रोलवर आरामात चालतं. कारण बाकीचं सगळं कॅलिब्रेशन त्या हिशोबाने केलंय.

आता स्टेज १ मध्ये काय होतं ते बघा. ट्यूनर मुख्यतः दोन गोष्टी बदलतो. एक, टर्बोचा बूस्ट वाढवतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. दोन, ठिणगी काही अंश आधी पाडतो. दोन्हींमुळे ताकद वाढते आणि दोन्हींमुळे सिलिंडरमधला दाब आणि उष्णताही वाढते. थोडक्यात, कंपनीने नॉकिंगपासून जे सुरक्षित अंतर ठेवलं होतं, त्यातलं थोडं खर्च करून ही जादा ताकद मिळवलेली असते. ते अंतर परत मिळवायचा एक मार्ग म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल.

म्हणून ताकद देतो तो मॅप. पेट्रोल त्या मॅपला सुरक्षित ठेवतं.

हाच नियम उलटाही लागू होतो. साध्या, कंपनी फिटेड गाडीत १०० ऑक्टेन टाकलं तर बहुतेक वेळा खिसा हलका होण्यापलीकडे फारसं काही घडत नाही. अपवाद अशा गाड्यांचा, ज्यांच्या इंधनाच्या झाकणामागे किंवा मॅन्युअलमध्ये ९५ ऑक्टेनची शिफारस छापलेली असते. कमी ऑक्टेनवर अशा गाड्यांचा ईसीयू ठिणगी थोडी उशिरा पाडून स्वतःला वाचवतो आणि थोडी ताकद सोडतो. चांगलं पेट्रोल मिळालं की ती ताकद परत येते.

हे काम नॉक सेन्सर करतो. तो इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला छोटा माइकच समजा. नॉकिंगचा आवाज आला की तो ईसीयूला कळवतो आणि ईसीयू ठिणगी मागे घेतो. पण सेन्सर ऐकतो ते नॉकिंग झाल्यावर. तो दुसरी चूक टाळतो, पहिला फटका बसलेला असतोच. जास्त आक्रमक मॅपमध्ये काही ट्यूनर या सेन्सरची संवेदनशीलता कमी करून ठेवतात. अशा गाडीत चुकीचं पेट्रोल पडलं तर तिला वाचवणारं कुणी उरत नाही.

भारतात काय काय मिळतं?

एकेकाळी आपल्याकडचं साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं होतं. बीएस ६ च्या निकषांमध्ये ते किमान ९१ झालं. त्याच्या वर प्रीमियम पेट्रोल येतं. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर ९९ ही त्यातली ओळखीची नावं.

१०० ऑक्टेनची मोठी बातमी झाली १ डिसेंबर २०२० रोजी. इंडियन ऑइलने त्या दिवशी एक्सपी १०० बाजारात आणलं. ते मथुरा रिफायनरीत, कंपनीच्याच संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ऑक्टामॅक्स तंत्राने तयार होतं. पहिल्या टप्प्यात १० शहरं होती. त्यात महाराष्ट्रातली दोनच, मुंबई आणि पुणे. किंमत होती लिटरला १६० रुपये, म्हणजे तेव्हाच्या साध्या पेट्रोलच्या जवळपास दुप्पट. ५० लिटरची टाकी भरायला ८ हजार रुपये.

ही किंमत येते कुठून? कच्च्या तेलातून थेट निघणाऱ्या पेट्रोलचं ऑक्टेन कमी असतं. ते वाढवायला रिफायनरीत रिफॉर्मिंग, आयसोमरायझेशन, अल्कायलेशन अशा वेगळ्या प्रक्रिया कराव्या लागतात आणि त्यातून निघणारे महागडे घटक जास्त प्रमाणात वापरावे लागतात. त्यात गिऱ्हाईक मोजकं. म्हणून हे पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवरच ठेवलं जातं.

इथे अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची. नाव भारी आहे म्हणून ऑक्टेन जास्त आहे, असं गृहीत धरू नका. काही प्रीमियम पेट्रोलांचा मुख्य फायदा इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणाऱ्या घटकांचा असतो. ते घटक चांगलेच, पण नॉकिंग रोखायचं काम ऑक्टेनचं. पंपावर आकडा विचारा. आकडा सांगता येत नसेल तर ते साधं पेट्रोल समजून चला.

ई २० आल्यामुळे काय बदललं?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूत ई २० ची सुरुवात केली. आधी २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ वर आणण्यात आलं होतं आणि ते गाठलंही गेलं. त्यानंतर मायलेज घटल्याच्या, जुन्या गाड्यांना त्रास होत असल्याच्या तक्रारींनी सोशल मीडिया भरून गेला. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्यायही ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

या वादात मॉडिफाय केलेल्या गाड्यांची बाजू थोडी वेगळी आहे. त्यांच्यासाठी इथेनॉलच्या दोन बाजू आहेत.

पहिली बाजू फायद्याची. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. शिवाय त्याचं बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण थंड होतं. टर्बो इंजिनाला हेच हवं असतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार ई २० मुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेलंय. म्हणजे कागदावर बघितलं तर आज रत्नागिरीच्या साध्या पंपावर मिळणारं पेट्रोल काही वर्षांपूर्वीच्या प्रीमियमच्या बरोबरीला आलंय.

दुसरी बाजू हिशोबाची. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. एका लिटर पेट्रोलच्या तुलनेत एका लिटर इथेनॉलमध्ये साधारण दोन तृतीयांश ऊर्जा मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज असा होता, की इथेनॉलशिवायच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई १० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींचं मायलेज ई २० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. ई १० साठी बनवून ई २० साठी कॅलिब्रेट केलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के असेल.

ट्यूनरसाठी मायलेजपेक्षा महत्त्वाचा आहे तो हवा आणि इंधनाचा मेळ. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ई २० ला साधारण १३.५ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी जवळपास ९ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. कंपनीच्या गाडीत इंजेक्टर आणि पंपाची तेवढी क्षमता शिल्लक असते. पण बूस्ट वाढवलेल्या इंजिनात इंजेक्टर आधीच क्षमतेच्या काठावर चालत असतील, तर पूर्ण अॅक्सिलरेटरवर इंधन कमी पडू शकतं. मिश्रण पातळ झालं की तापमान वाढतं आणि जास्त ऑक्टेनचा सगळा फायदा तिथेच संपतो.

म्हणून २०२१-२२ मध्ये, ई २० येण्याआधी केलेला मॅप असेल, तर तो एकदा तपासून घ्यायला हवा. "तेव्हा छान चालत होती" हा आज पुरेसा पुरावा नाही.

मुंबई ते रत्नागिरी: टाकीतलं गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा गाडीचा मॅप १०० ऑक्टेनवर केलाय. मुंबईत टाकी भरली, ५० लिटर. रत्नागिरीपर्यंतचं अंतर साधारण ३४० किलोमीटर. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं तर सुमारे २८ लिटर संपतात आणि २२ लिटर उरतात.

रत्नागिरीत २८ लिटर ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. टाकीत आता काय आहे? २२ लिटर १०० चं आणि २८ लिटर ९५ चं. ढोबळ सरासरी काढली तर ९७ च्या थोडं वर.

मग गणपतीपुळे, पावस, जयगड असं फिरणं झालं आणि परतीच्या आधी पुन्हा ३० लिटर भरलं. आता सरासरी ९६ च्या खाली आली. म्हणजे दुसऱ्या टाकीपर्यंत गाडी व्यवहारात ९५ वरच चाललीय, मॅप मात्र १०० चाच आहे. इथेनॉलमुळे मिश्रणाचं ऑक्टेन अगदी सरळ सरासरीने चालत नाही, त्यामुळे आकडा थोडा इकडे तिकडे होईल. दिशा मात्र हीच.

या गाडीकडे तीन पर्याय उरतात. पहिला, रत्नागिरीत असेपर्यंत अॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवायचा. नॉकिंग मोठ्या लोडवर होतं, शांत चालवणाऱ्याला धोका कमी. दुसरा, ट्यूनरकडून दोन मॅप घ्यायचे, एक १०० साठी आणि एक ९५ साठी, आणि पेट्रोल बदललं की मॅप बदलायचा. अनेक गाड्यांत हे मोबाइल किंवा छोट्या यंत्राने करता येतं. तिसरा आणि सगळ्यात निवांत पर्याय, मॅपच ९५ साठी करून घ्यायचा. कागदावर काही हॉर्सपॉवर कमी दिसतील, पण गाडी मुंबईत, हातखंब्याला आणि देवरुखला सारखीच चालेल.

कोकणात इंजिनावर ताण नेमका कुठे येतो?

पुण्यात ट्यून केलेल्या गाडीसाठी कोकणात एक गोष्ट बदलते, ती म्हणजे हवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. रत्नागिरी किनाऱ्यावर. किनाऱ्यावर हवेचा दाब सुमारे ६ टक्के जास्त असतो. टर्बो नसलेल्या, पण कॉम्प्रेशन किंवा टायमिंग वाढवलेल्या इंजिनात तेवढी जास्त हवा शिरते. ताकद थोडी वाढते आणि नॉकिंगची शक्यताही. टर्बो इंजिनात ईसीयू बूस्ट आवरत असल्याने हा फरक कमी जाणवतो. कोकणातली दमट हवा मात्र इथे मदत करते. हवेतली वाफ ज्वलन थोडं मंद करते, त्यामुळे नॉकिंग किंचित कमी होतं.

खरी परीक्षा घाटात. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर तासन् तास रांगेत सरकणाऱ्या गाडीचं बोनेटखालचं सगळंच तापलेलं असतं. इंटरकूलरला वारा मिळालेला नसतो. मग रस्ता मोकळा होतो आणि समोर परशुराम घाटाचा चढ येतो. किंवा रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाट. चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, आणि चालक वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबून धरतो. नॉकिंगला यापेक्षा चांगलं आमंत्रण नाही.

डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनांत इथे आणखी एक धोका असतो, लो स्पीड प्री-इग्निशन. यात मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेटतं आणि एका फटक्यातही पिस्टन जाऊ शकतो. यावर जास्त ऑक्टेन हा पुरेसा उपाय नाही. एपीआय एसपी दर्जाचं इंजिन ऑइल यासाठीची चाचणी पास झालेलं असतं, ते वापरावं. आणि साधी सवय म्हणजे चढावर एक गिअर खाली घ्यावा. आरपीएम वाढला तरी इंजिनावरचा ताण कमी होतो.

तिसरी गोष्ट पावसाची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाण्याचं प्रमाण फार वाढलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन तेवढं घटतं. आजच्या गाड्यांच्या बंद टाकीत हे सहज होत नाही. पण हौसेची गाडी पूर्ण पावसाळा गावच्या घरी अर्ध्या टाकीवर उभी ठेवणं टाळलेलं बरं. उभी ठेवायचीच असेल तर टाकी भरलेली ठेवा आणि नंतर पहिली टाकी संपेपर्यंत गाडी सांभाळून चालवा.

अमेरिकेचं ९१ आणि आपलं ९१ एक नाही

यूट्यूबवर बघून मॅप मागवणाऱ्यांची हमखास फसगत होते ती इथे. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. रिसर्च ऑक्टेन, म्हणजे आरओएन, सौम्य परिस्थितीत मोजतात. मोटर ऑक्टेन, म्हणजे एमओएन, जास्त आरपीएम आणि जास्त तापमानात मोजतात, त्यामुळे तो आकडा कमी येतो. भारत आणि युरोपात पंपावर आरओएन लिहितात. अमेरिकेत या दोन्हींची सरासरी लिहितात.

त्यामुळे अमेरिकेतलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१ ते ९२. तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५ ते ९६. आणि तिथलं ९३ म्हणजे आपलं ९७ ते ९८.

एखाद्या अमेरिकन कंपनीच्या यादीत '९१ ऑक्टेन मॅप' दिसला आणि तो आरओएनचा आकडा समजून ९१ आरओएनच्या पेट्रोलवर चालवला, तर इंजिनाला चार-पाच अंकांनी कमी दर्जाचं पेट्रोल मिळतं. मॅप घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, हा आकडा आरओएन आहे का?

बूस्टरची बाटली, थिनर आणि विमानाचं पेट्रोल

१०० ऑक्टेन मिळत नाही म्हटल्यावर जुगाड सुरू होतात.

*ऑक्टेन बूस्टर:* बाटलीवर '३० पॉइंट' लिहिलेलं असतं. या धंद्यात १० पॉइंट म्हणजे बहुतेकदा ऑक्टेनचा एक अंक. म्हणजे ९५ चं १२५ होत नाही, फार तर ९८ होतं आणि तेही बाटलीवर लिहिलेल्या मापात टाकलं तर. मँगनीजयुक्त बूस्टर सतत वापरले तर प्लगवर लालसर थर बसतो. अडचणीत एखाद्या वेळी ठीक, पण रोजच्या वापराचा मार्ग नाही.

*थिनर, टोल्यूइन किंवा औद्योगिक अल्कोहोल:* टाकीत काय प्रमाणात काय गेलं याचा भरवसा राहत नाही. रबरी नळ्या, सील आणि इंधन पंप खराब होऊ शकतात. आगीचा धोका वेगळाच.

*विमानाचं पेट्रोल:* मोठ्या विमानांत वापरतात ते जेट फ्यूएल रॉकेलच्या जातीचं असतं, पेट्रोल इंजिनात त्याचा उपयोग नाही. छोट्या पिस्टन विमानांचं अॅव्हगॅस १०० एलएल खरंच जास्त ऑक्टेनचं असतं, पण त्यात आजही शिसं असतं. गाडीचा कॅटलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर ते निकामी करतं.

मग कोणी काय टाकायचं?

*कंपनी फिटेड गाडी, झाकणावर ९१ किंवा ई २०:* साधं पेट्रोल. जास्तीचे पैसे सर्व्हिसिंगला ठेवा.

*कंपनी फिटेड टर्बो, ९५ ची शिफारस:* ९५ चं पेट्रोल. लांबचा घाटरस्ता आणि भरलेली गाडी असेल तर नक्कीच.

*स्टेज १:* मॅप ९५ वर करून घ्या. मुंबई-पुण्यात कधी ९७ किंवा १०० टाकलं तर इंजिनाला थोडी जादा सुरक्षितता मिळेल.

*स्टेज २, मोठा टर्बो:* ९५ आणि १०० साठी वेगळे मॅप हवेतच. इंजेक्टर आणि इंधन पंपाची क्षमता ई २० धरून तपासा.

*फक्त ट्रॅक किंवा ड्रॅग रेससाठीची गाडी:* तिथे इंधन सोबत नेलं जातं, त्यामुळे १०० चा मॅप ठीक. तीच गाडी गावाला न्यायची असेल तर वरचा नियम लागू.

ट्यूनरला पाच प्रश्न विचारा. मॅप किती आरओएनसाठी आहे? ट्यूनिंग करताना टाकीत इथेनॉल किती होतं? नॉक सेन्सर मूळ संवेदनशीलतेवर आहे का? पूर्ण लोडवर इंजेक्टरची किती क्षमता शिल्लक राहते? आणि मूळ फाइल परत टाकता येईल का? उत्तर आकड्यांत आणि लॉगच्या रूपात मिळालं तर माणूस कामाचा. "बिनधास्त चालव, काही होत नाही" असं मिळालं तर विचार करा.

एक साधा ओबीडी स्कॅनरही सोबत ठेवता येतो. वेगळं पेट्रोल भरल्यावर ईसीयू ठिणगी किती मागे घेतोय, हे बऱ्याच गाड्यांत त्यावर दिसतं. तो आकडा नेहमीपेक्षा वाढलेला दिसला तर पेट्रोल मॅपला पुरत नाही, एवढं समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. फक्त गाडी चालवताना तो शेजारी बसलेल्याने बघावा.

कायदा काय सांगतो?

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकण्यावर काहीच बंधन नाही. बंधन गाडीतल्या बदलांवर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालातही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न वेगळाच. इंजिन फुटलं आणि ईसीयू बदललेला निघाला, तर कंपनी सहसा हात वर करते.

म्हणजे मॉडिफाय केलेल्या इंजिनाचा सगळा धोका शेवटी मालकाच्याच खिशावर येतो. १०० ऑक्टेनचे पंप हळूहळू वाढतील, उद्या ते छोट्या शहरांतही पोहोचतील. पण ई २० च्या निमित्ताने एक गोष्ट दिसली आहे. पंपावरचं पेट्रोल सरकारी धोरणाप्रमाणे बदलतं आणि ते बदलताना कुणाच्या गाडीत कोणता मॅप आहे हे कुणी विचारत नाही. त्यामुळे मॅप करून घेताना डायनोवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा आंबा घाटाच्या पायथ्याशी टाकीत जे पेट्रोल असेल त्याचा विचार आधी करावा.